कौटुंबिक अडचणीमुळे

'उंबरठा' पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी राणीच्या बाजूचा होतो. वय असेल दहा-अकरा. शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागायचा, मधे बातम्या यायच्या, आणि बातम्या संपेपर्यंत सतरंजीवरची अर्धी मुलं झोपलेली असायची. मी जागा होतो. पडद्यावर सुलभा नावाची एक बाई आपल्या लहान मुलीला, राणीला, जावेच्या हवाली करून नोकरीसाठी परगावी निघाली होती आणि मला तिचा भयंकर राग आला होता. आमच्याकडे टीव्ही बघायला येणाऱ्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोरीला टाकून कशी जाते बघा!" मला ते शंभर टक्के पटलं. आई मटार सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही.

त्या शनिवारी बाबा घरी नव्हते. म्हणजे पोहोचायचे होते. ते बँकेत होते आणि त्यांची बदली दोनशे किलोमीटरवर झाली होती. शनिवारी अर्धा दिवस काम उरकून ते रात्री उशिरा घरी यायचे आणि रविवारी रात्रीच्या एसटीने परत जायचे. असं तीन वर्षं चाललं. या तीन वर्षांत काकूंनी एकदाही "पोरांना टाकून गेले" असं म्हटल्याचं मला आठवत नाही. बाबा 'बदलीवर' होते. कोणी विचारलं की मीसुद्धा ऐटीत सांगायचो, "बाबा बदलीवर असतात."

क्रियापदातला हा फरक कळायला मला पंचवीस वर्षं लागली. बाबा जायचे. सुलभा सोडून गेली.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'उंबरठा' 1982 चा. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवर विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, जब्बार पटेलांनी दिग्दर्शन केलं, आणि तोच चित्रपट 'सुबह' नावाने हिंदीतही केला. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. सुलभा महाजन (स्मिता पाटील) ही खात्यापित्या, सुशिक्षित घरातली सून. नवरा सुभाष (गिरीश कर्नाड) वकील. सासूबाई स्वतः सामाजिक कामात असलेल्या. म्हणजे घर मागासलेलं मुळीच नाही, आणि चित्रपटाची खरी मेख इथेच आहे. सुलभाने समाजकार्याचं शिक्षण घेतलंय. संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षिकेची जागा तिला मिळते आणि ती जाते.

एवढंच होतं. ती जाते. घरात आरडाओरडा नाही, मारहाण नाही, हुंड्याचा विषय नाही, दारू नाही. पळून जावं असं त्या घरात काहीच नाही. मराठी पडद्यावरची बाई तोवर घराबाहेर पडली तर बहुतेकदा तिला कोणीतरी ढकललेलं असायचं. सुलभाला कोणी ढकललेलं नाही. तिला तिथे जायचंय. 'हवंय म्हणून' एवढं कारण पुरेसं असू शकतं का, हा प्रश्न प्रेक्षकाच्या घशात अडकवून चित्रपट पुढे निघून जातो.

आपल्याकडे बाईने घराबाहेर पाऊल टाकण्याचा इतिहास मोठा आहे, पण तो आपण सांगतो कसा, हे एकदा कान देऊन ऐकावं. जोतिरावांनी सावित्रीबाईंना शिकवलं. न्यायमूर्तींनी रमाबाईंना शिकवलं. गोपाळरावांनी आनंदीबाईंना अमेरिकेला पाठवलं. यातलं काही खोटं नाही, आणि त्या काळात असं करणाऱ्या पुरुषांना काय सोसावं लागलं हेही कमी नाही. पण वाक्यांचा कर्ता कोण आहे ते बघा. 1883 साली अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याशिवाय बोटीत बसली, परक्या देशात थंडीत आजारी पडत तीन वर्षांत डॉक्टर झाली, आणि आपण म्हणतो 'पाठवलं'. जणू मनीऑर्डरच.

सुलभाला कोणी पाठवलेलं नाही. म्हणून तिच्यासाठी आपल्याकडे क्रियापदच तयार नव्हतं. जे होतं ते काकूंनी वापरलं.

दुसऱ्यांदा 'उंबरठा' पाहिला तो कॉलेजात. फिल्म क्लबचा खेळ होता, नंतर चर्चा. मी तावातावाने सुलभाच्या बाजूने बोललो. सुभाषला मी सरंजामी वगैरे म्हणालो असेन, हा शब्द तेव्हा आम्हाला फार आवडायचा. टाळ्याही मिळाल्या. माझं तेव्हा काहीच पणाला लागलेलं नव्हतं, त्यामुळे बोलणं अगदी मोकळं होत होतं.

तिसऱ्यांदा पाहिला तेव्हा मात्र बरंच काही पणाला लागलं होतं. बायकोला कामासाठी आठ महिने बंगळुरूला जायची संधी आली होती. आमची मुलगी चार वर्षांची. बायकोने जेवताना सांगितलं, आणि मी पोळीचा तुकडा मोडता मोडता म्हणालो, "जा ना. माझी काही हरकत नाही."

ती थांबली. मग शांतपणे म्हणाली, "आणि असती तर?"

मला उत्तर सुचलं नाही. आजही नीटसं सुचत नाही. मी उदारपणे दार उघडून धरलं होतं आणि तिने विचारलं होतं की कडी तुझ्याकडे कशी काय आली?

ती गेली. मुलीला बघायला आई येऊन राहिली. पंधरा-वीस दिवसांनी एका रात्री, मुलगी झोपल्यावर, मी लॅपटॉपवर 'उंबरठा' लावला. आपल्याला धीर येईल असं वाटलं होतं बहुतेक. पण या वेळी मला सगळीकडे सुभाषच दिसायला लागला, आणि तो खलनायक नव्हता. कॉलेजात मी काय बघितलं होतं देव जाणे. सुभाष वाईट बोलत नाही. तो आवाज चढवत नाही. बायको जाते तेव्हा तो तिच्या वाटेत आडवा पडत नाही. तो समंजस आहे, आणि आपण समंजस आहोत हे त्याला माहीत आहे. पुढे सुलभा परत येते तेव्हा दुसऱ्या एका बाईबद्दल तो तिला सांगून टाकतो, तेही कसं, तर एखाद्या अशिलाला वस्तुस्थिती समजावून सांगावी तसं. कर्नाडांनी त्या माणसाला इतकं सभ्य ठेवलंय की त्याचा राग करायला आधी आरशासमोरून बाजूला व्हावं लागतं.

त्या आठ महिन्यांत माझं कौतुक किती झालं! सोसायटीत, ऑफिसात, नातेवाइकांत. "किती सांभाळून घेतो हो बायकोला." "मुलीचं सगळं हाच बघतो." मुलीचं सगळं आई बघत होती. मी तिला शाळेच्या बसपर्यंत सोडायचो आणि रात्री गोष्ट सांगायचो. गोष्ट चांगली सांगायचो, हे खरं.

सुभाषचा पेशा वकिली आहे, हा योगायोग असेल नसेल, पण त्यावरून मला एक प्रश्न पडला. त्या काळी तो कोर्टात गेला असता तर? बायको नोकरीसाठी वेगळी राहते, तिला घरी पाठवा, असं म्हणाला असता तर? मी वकील नाही. पण शोधायला बसलो आणि त्या भरात दोन-तीन रात्री गेल्या.

हा दावा आपल्याकडे जुना आहे. दादाजी भिकाजी नावाच्या माणसाने 1884 साली मुंबईच्या उच्च न्यायालयात रखमाबाईंवर तो लावला होता. लग्न झालं तेव्हा रखमाबाई अकरा वर्षांच्या होत्या, आणि त्या नांदायला गेल्याच नव्हत्या. 1887 साली निकाल लागला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी सांगितलं, तुरुंग चालेल. शेवटी दादाजीने पैसे घेऊन तडजोड केली आणि रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. पुढे सुरतेत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्यांना मात्र कोणी 'पाठवलं' असं म्हणायची सोय नाही. म्हणूनच की काय, शाळेच्या पुस्तकात मला त्या भेटल्याचं आठवत नाही.

स्वातंत्र्यानंतर 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात हाच दावा नवव्या कलमात येऊन बसला. आता तो नवरा-बायको दोघांनाही लावता येतो, पण नोकरी करणाऱ्या बायकांवर तो कसा चालला ते पाहण्यासारखं आहे. 1964 साली छापलेल्या पंजाब उच्च न्यायालयाच्या एका निकालाचा सूर असा, की पत्नीने पतीच्या छताखाली राहावं, नोकरी हे वेगळं राहण्याचं कारण होऊ शकत नाही. पुढे 1978 साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे एका मुख्याध्यापिकेचं प्रकरण आलं. बाई पंजाबात सुनामला सरकारी शाळेत, लग्नाच्या आधीपासून नोकरीत, नवरा दिल्लीत. तिने नोकरी सोडून दिल्लीला यावं असं नवऱ्याचं म्हणणं. न्यायमूर्ती देशपांड्यांच्या खंडपीठाने सांगितलं, घर कुठे करायचं हे नवऱ्यानेच ठरवावं असा काही कायदा नाही, आणि तसं मानणं समानतेच्या हक्काला धरून होणार नाही.

1978. सुलभा घराबाहेर पडली त्याच्या फक्त चार वर्षं आधी. आणि 'मुख्याध्यापिका' या शब्दाशी मी आता का थबकतो, ते पुढे येईलच.

आश्रमाबद्दल मात्र बोलायला हवं, कारण 'उंबरठा'ची आठवण निघाली की लोक घराबद्दलच बोलतात. निम्म्याहून जास्त चित्रपट संगमवाडीच्या आवारात घडतो. तिथे सुलभा देवी नाही, सरकारी फायली सांभाळणारी अधिकारी आहे. ती कडक आहे. हिशेब मागते, नियम लावते, समितीच्या लोकांशी तिचं फाटतं. तिच्याही चुका होतात. आश्रमातल्या दोन बायकांचं एकमेकींवर प्रेम आहे हे कळतं तेव्हा सुलभासुद्धा चाचपडते. तिच्या शिक्षणात याचं उत्तर नव्हतं. 1982 सालच्या मराठी चित्रपटाने हा विषय पडद्यावर आणला हेच मोठं. माझी एक कुरकुर आहे. बाईच्या वाट्याला येणारं जेवढं म्हणून दुःख आहे तेवढं एकाच आश्रमात कोंबलंय, त्यामुळे काही बायका माणसं होण्याआधीच उदाहरणं होऊन बसतात. पण सुलभाला चुकायची मुभा दिलीय, ही गोष्ट मला वय वाढेल तशी जास्त मोलाची वाटत गेलीय. घर सोडून गेलेल्या बाईने निदान बाहेर तरी डोंगर हलवून दाखवावा, म्हणजे तिचं जाणं वसूल होईल, अशी आपली अपेक्षा असते. सुलभाच्या हातून डोंगर हलत नाही. तिची चौकशी लागते, ती राजीनामा देते. नोकरीत अपयश आलं म्हणून बाबांना कोणी विचारलं असतं का, "मग गेलात कशाला?"

ती घरी परतते तेव्हा राणी तिच्याकडे येत नाही. तिला काकूची, म्हणजे सुलभाच्या जावेची, सवय झालेली असते. दहाव्या वर्षी मला हा सुलभाला मिळालेला दंड वाटला होता. 'बरी खोड मोडली' असंसुद्धा मी म्हणालो असेन, मुलं निर्दय असतात. आता तसं वाटत नाही. बाबा रविवारी सकाळी मांडीवर घ्यायला जायचे तेव्हा माझी बहीण, तेव्हा तीनची, आईच्या पदरामागे लपायची. घरात सगळे हसायचे. "ओळखलं नाही वाटतं बाबांना!" तो घरातला विनोद होता. अजूनही लग्नकार्यात निघतो.

चौथ्यांदा 'उंबरठा' आईबरोबर पाहिला. मागच्या पावसाळ्यात. तिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन महिना झाला होता, आता सगळं लख्ख दिसतं म्हणून तिला काहीही बघायचं असायचं. मी चित्रपट लावला आणि मनातल्या मनात माझं भाषण तयार ठेवलं. क्रियापदांचं, रखमाबाईंचं, कलम नऊचं. आई बघत होती. मधे एकदा म्हणाली, "स्मिता किती लवकर गेली ना." एकतिसाव्या वर्षी, 1986 मध्ये. मग परत गप्प.

शेवटी सुलभा आगगाडीत बसते. पडदा काळा झाला. मी तोंड उघडणार एवढ्यात आई म्हणाली, "त्या मायाला कोणी विचारलं का रे?"

"कोण माया?"

"जाऊबाई. तिला स्वतःचं मूल नाही. हिची पोर सांभाळली, अंगाखांद्यावर वाढवली. आता ही परत आली, परत गेली. त्या मायाला हवं होतं का नको होतं, कोणी विचारलं?"

मी चार वेळा चित्रपट पाहिला होता. राणी झालो होतो, सुलभा झालो होतो, सुभाष तर होतोच. माया नावाचं माणूस मला दिसलंच नव्हतं. आशालताबाईंनी ती भूमिका केलीय, आणि किती हळुवार केलीय हे आईने बोट दाखवल्यावर कळलं. सुलभाच्या जाण्याला किंमत होती, ती थोडीफार मायाने भरली होती. बाबांच्या जाण्याची आईने भरली होती. माझ्या बायकोच्या आठ महिन्यांचीही आईनेच भरली. बायको परत आली त्या दिवशी तिने आईच्या हातात साडीचा खोका ठेवला आणि आईला मिठी मारून रडली. मी त्याला सासू-सुनेचं प्रेम म्हणालो होतो. त्या दोघींना तो हिशेब होता हे माहीत होतं.

"तुला विचारलं होतं का आम्ही?" मी म्हणालो.

"तू फोनवर म्हणालास, आई, येशील ना. त्याला विचारणं म्हणायचं असेल तर विचारलंत."

चिडून नाही म्हणाली. आई चिडत नाही, ती नुसती बरोबर शब्द सांगते. आयुष्यभर तिसरी-चौथीच्या वह्या तपासल्याचा परिणाम.

मग ती उठून आतल्या खोलीत गेली. मला वाटलं झोपायला गेली. पत्र्याच्या ट्रंकेची कडी वाजली. बाहेर आली तेव्हा हातात एक जुनी फाइल होती, तिचं सेवेतलं सगळं: नेमणुकीचे आदेश, वेतननिश्चिती, रजेचे अर्ज. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिने मधला एक कागद काढून माझ्यासमोर धरला. कार्बनची स्थळप्रत, शाई उडून जांभळट झालेली, घडीवर फाटायला आलेली. 1987 सालची. विषय: पदोन्नती नाकारत असल्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, मुख्याध्यापक पदावर झालेली माझी पदोन्नती कौटुंबिक अडचणीमुळे स्वीकारण्यास मी असमर्थ आहे. आपली विश्वासू. खाली तिची सही, तेव्हाची, आताच्यापेक्षा ठळक.

मला हे माहीतच नव्हतं. बाबांना माहीत होतं, पण तेही कधी बोलले नाहीत. सदतीस किलोमीटरवरचं गाव. जायची एसटी सकाळी सहाला आणि यायची संध्याकाळी सातला पोहोचणारी. बाबा बदलीवर, आजीला दमा, बहीण लहान, आणि मी.

'कौटुंबिक अडचण' हे शब्द मी बराच वेळ बघत राहिलो. इतकी वर्षं मी स्वतःला बरंच काही समजत होतो. सरकारदरबारी मी असा नोंदलेला होतो.

"तुला जायचं होतं का?" मी विचारलं.

"जाऊन आले होते," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"पत्र टाकायच्या आधी. एका गुरुवारी रजा टाकली, घरी सांगितलं मीटिंग आहे, आणि सहाच्या गाडीने गेले. बघावं तरी म्हटलं." ती हसायला लागली. सत्तरी ओलांडलेली बाई शाळा बुडवल्यासारखी हसत होती. "मोठी शाळा होती. सातवीपर्यंत. मैदानात चिंच. पोरं आत होती, मी आपली कुंपणाच्या कडेने फिरले. मुख्याध्यापकांच्या खोलीला कुलूप होतं, पण खिडकी उघडी होती."

"मग?"

"मग काय, बघितली खुर्ची. पाठीवर टॉवेल टाकलेला होता कुणाचातरी. इतका मळलेला!" तिने कागद घडीवर घडी घालून फाइलमध्ये ठेवला. "पहिल्या दिवशी तो काढून टाकायचा, असं मी गाडीत बसल्यावर ठरवलंसुद्धा होतं."